बातम्या साफ येत्यात

आईनं अट घातली तेव्हा मी तिथंच होते आणि अट मला पटली होती. "एक तर फोन ठेवा, न्हायतर रेडिओ. दोन्ही नको आसंल तर गप घरी या," असं तिनं आप्पांना सांगितलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. सोलापुरातल्या एका कारखान्यात त्यांनी सारी उमर यंत्रमाग चालवला. मालकानं माग भंगारात घातले, तेव्हा आप्पा एकटेच माढ्याकडच्या आमच्या शेतात राहायला गेले. शेत म्हणजे मुरमाड जमिनीचा एक तुकडा आणि त्यावर पत्र्याची एक खोली. खोलीपर्यंत विजेचे खांब आले आहेत, तार आलेली नाही. त्या तारेसाठी मी इतके अर्ज लिहिलेत की कचेरीतला शिपाई मला लांबूनच ओळखतो आणि साहेब नाहीत म्हणून सांगतो.

अट घालायला कारण घडलं होतं. वळवाच्या पावसात शेजारच्या वस्तीवरचा बैल लिंबाच्या झाडाला बांधलेल्या जागीच वीज पडून मेला. आप्पा त्या वेळी दोन रानं सोडून उघड्यावर होते. विजांचा इशारा सकाळपासून सगळ्यांच्या फोनवर येत होता, रेडिओवर सांगत होते. आप्पांकडे यातलं काहीच नव्हतं. हे आईला कळलं त्या दिवसापासून ती नीट जेवत नव्हती.

फोनला आप्पांनी नकार दिला. "मालकाचं दावं आता सुटलंय, दुसरं गळ्यात कशाला?" हे त्यांचं नेहमीचं उत्तर. रेडिओला मात्र ते लगेच तयार झाले. म्हणजे रेडिओ आला तर ते शेतात राहणार, नाही आला तर त्यांना घरी यावं लागणार. आणि घरी यायची त्यांची अजिबात तयारी नव्हती.

इथं माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. संघटनेचा गठ्ठा घरी आला की आम्ही सगळे घडी घालायला बसायचो आणि माझी बोटं शाईनं काळी व्हायची. दर पत्रक "कामगार बंधूंनो" असं सुरू होई. "यात आई कुठं आहे?" असं मी एकदा विचारलं. आप्पांनी पेन घेतलं आणि सबंध गठ्ठ्यावर, एकेका कागदावर, हातानं "भगिनींनो" लिहिलं. अशा माणसाची मुलगी असल्याचा मला अभिमान होता आणि आहे. पण त्या वाचनाची एक सवय मला लागली. माणसं जे काही करतात ती त्यांची भूमिकाच असते, असं मला वाटू लागलं. आमच्या घरात कुणी नुसता चहा सोडत नसे, चहा सोडण्याची भूमिका घेत असे.

त्यामुळं आप्पांचा फोनचा नकार ही भूमिका, यात मला शंकाच नव्हती. त्यावर मी एक लेख लिहिला. उसाच्या हंगामात घडलेला एक प्रसंगही त्यात घातला. एका ट्रॅक्टरवाल्यानं मला रस्त्यात थांबवून सांगितलं होतं, "तुमचं आप्पा लई ताठ बरं का. हॉर्न दाबून दाबून हात दुखला, पर गड्यानं वाट दिली न्हाय. शेवटी म्याच रानातनं घातला." दोन ट्रॉल्या, वर कर्णा लावून गाणी, आणि त्याच्यापुढं न हटणारा माझा बाप. लेखात तो परिच्छेद मला सगळ्यांत आवडत होता. एका सभेत मी तो लेख वाचून दाखवला. आप्पा पहिल्या रांगेत होते. टाळ्या पडल्या तेव्हा त्यांनी मागं वळून लोकांकडं पाहिलं आणि मग टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, लाजले.

रेडिओ नवा घ्यायचा नाही, हे माझं ठरलेलं. चालू वस्तू फेकून द्यायची आणि नवी आणायची, हे मला चीड आणतं. शिवाय नव्या सेटला चार्जिंग लागतं आणि खोलीत बटण दाबायला वीज कुठं आहे? तेव्हा सेलवर चालणारा, वापरलेला सेट हवा. जुन्या बाजारामागच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. दुकान कपाटाएवढं. तीन बाजूंनी रेडिओ रचलेले आणि मधल्या खुर्चीत चाचा, त्यामुळं तेही रचलेल्यातलेच वाटतात. एका सकाळी मी आप्पांना तिथं घेऊन गेले. एका जुन्या पत्रकाच्या पाठीवर मी काय काय तपासायचं ते लिहून नेलं होतं.

"क्या बात, परीक्षा घ्यायला आलीस काय बेटी?" चाचा कागद बघून म्हणाले.

"नापास केलं तर रागवायचं नाही."

"हमारे सेटां नापास नाही होते. गिऱ्हाईक होतात."

त्यांनी तीन सेट काढून फळीवर मांडले. पहिला लहान, चकचकीत, कार्ड घालायची खाच असलेला. तो चाचांनीच बाजूला सारला. "ये नक्को. उन्हाळ्यात पत्र्याखाली ह्याचं पोट फुगतं." दुसरा वितभर लांबीचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, एफएम आणि मिडियम वेव्ह दोन्ही पकडणारा. तिसरा मोठा होता. चामड्याचं कव्हर, पुढं जाळीची भोकं, आत मोठे सेल, आणि फक्त मिडियम वेव्ह.

मी कागदाप्रमाणं सुरुवात केली. सेलचा डबा उघडून स्प्रिंगा पाहिल्या. मोठ्या सेटच्या एका स्प्रिंगेवर पांढरट निळी भुकटी होती. जुने सेल आत पाझरले की असं होतं. चाचांनी पॉलिश पेपरनं ती घासून दाखवली आणि म्हणाले, "सेल उन्हात तापवून पुन्हा घालायचे नाहीत. शेतातली सगळी मंडळी हेच करते, नि मग सेट माझ्याकडं रडत येतो." मी आवाजाचं बटण फिरवून खरखर तपासली. एरियलचे सांधे ओढून पाहिले. काटा टोकापासून टोकापर्यंत नेला. वितभराच्या सेटवर सोलापूरचं स्टेशन असं लागलं की निवेदिकेचा श्वाससुद्धा ऐकू यावा.

"हाच," मी म्हणाले. "आप्पा, हाच घेऊ. मिडियम वेव्हवर आता दिवसा काही धड लागत नाही. मोठ्याचा उपयोग नाही."

आप्पा माझ्याकडं पाठ करून कपाटातले जुने सेट बघत होते. ते वळले नाहीत. चाचांनीही हाक मारली, "अहो बाबा!" मग त्यांनी मला हळूच विचारलं, "बाबाला ऐकू कमी येतं ना?"

मला राग आला. "नाही. त्यांना दुकानदारी आवडत नाही, म्हणून लक्ष देत नाहीत."

मी खांद्याला हात लावल्यावर आप्पा वळले. त्यांनी वितभराचा सेट उचलला, त्याच्या पोटावर तळहात ठेवला, क्षणभर थांबले आणि खाली ठेवला. मग चाचांनी मोठा सेट सुरू केला, काटा हलवला, सेट थोडा आडवा फिरवला. मिडियम वेव्हचा सेट दिशा बदलली की पकडतो, हे मला तेव्हाच कळलं. एक आवाज लागला. आप्पांनी जाळीवर अख्खा पंजा ठेवला आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"ह्यो," ते म्हणाले. "ह्यो चांगला हाय. आवाज भरदार. बातम्या साफ येत्यात."

सेटवर एक बाई कानडीत बोलत होती. "रैत बांधवरे" म्हणून ती शेतकऱ्यांना काहीतरी तुरीबद्दल सांगत होती. अक्कलकोटच्या बाजूला हे सर्रास लागतं, सोलापुरातही कधी कधी लागतं. आप्पांना कानडी येत नाही. आणि त्या बातम्या नव्हत्या.

पहिल्यांदा मला वाटलं, ते गंमत करतायत. मी हसलेही. चाचा हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि हातातला पॉलिश पेपर उगाचच घडी करत राहिले.

"काय म्हणतायत बातम्यांत?" मी विचारलं.

आप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते. डोळ्यांकडं नाही, तोंडाकडं. "पाऊस," ते म्हणाले. "पावसाचं सांगत्यात."

मी मोठा सेट घेतला. का घेतला ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. चाचा म्हणाले, "बेटी, हा बदलून न्यायचा झाला तर कधीही ये," आणि कव्हराची बटणं लावून सेट माझ्या हातात दिला.

गल्लीच्या तोंडाशी चहाच्या गाड्यावर आम्ही बसलो. रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट होता. मी आप्पांच्या समोर बसले आणि आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "तुम्हाला काहीच ऐकू येत नाही?"

मागाच्या कारखान्यात सगळे असंच बोलतात. तिथल्या धडधडाटात ओरडून उपयोग नसतो. लहानपणी मी डबा घेऊन जायची, तेव्हा दारातूनच ओठ हलवून सांगायची, आज वांगं आहे. आप्पा दहा माग पलीकडून मान डोलवायचे. मला ती त्यांची कला वाटायची.

त्यांनीही आवाजाशिवाय उत्तर दिलं. "थोडं येतं. ढोल, फटाके."

"कधीपासून?"

"हळूहळू गेलं. माग बंद झाल्यावर कळलं. सगळी म्हनली, किती शांत वाटतंय. मला फरकच पडला न्हाय."

"आणि फोन?"

"फोनात बोलनाऱ्याचं तोंड दिसत न्हाय."

गळ्यातल्या दाव्याचं वाक्य, तो नकार, तो ट्रॅक्टर. सबंध लेख माझ्यासमोर उभा राहिला आणि त्यातली एकेक ओळ मला चटके देऊ लागली. "मग मी तो लेख वाचला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू लई खूश हुतीस."

"काय लिहिलं होतं ते तरी कळलं होतं का?"

"न्हाय की," आता ते आवाजात बोलले आणि जरा हसले. "कागद तोंडाम्होरं धरला हुतास तू."

मग मी विचारलं, रेडिओ कशाला पाहिजे? त्यांनी बराच वेळ कप फिरवला. मागावर काम करणारा माणूस माग डोळ्यांनी कमी आणि हातानं जास्त बघतो, हे त्यांनी मला पूर्वी सांगितलं होतं. चौकटीवर हात ठेवला की आडवा धागा नेणारा धोटा बरोबर जातोय की अडखळतोय ते कळतं. पायाखालची फरशी दिवसभर थरथरत असते. घरी येऊन आडवं झालं तरी अंगात ती थरथर राहते.

"शेतात काय बी हालत न्हाय," आप्पा म्हणाले. "ऐकू बी येत न्हाय आन हालत बी न्हाय. आडवा पडलो की वाटतं, संपलो. ह्यो सेट हालतो बघ. हात ठिवला की कोनतरी हाय आसं वाटतं."

"घरी चला. तिथं माणसं आहेत."

"घरात सगळी बोलत्यात. मला बसून त्यांच्या तोंडाकडं बघावं लागतं. कुनी वळलं की तुटलं. शेतात कुनी बोलतच न्हाय, मग चुकायचं बी न्हाय." मग त्यांनी पुन्हा नुसते ओठ हलवले. "आईला सांगू नगंस."

मी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. मी इतकी पत्रकं लिहिली, सत्य दडपणाऱ्यांवर किती शब्द झाडले. आणि आता माझ्या मांडीवर एक रेडिओ होता, जो आईच्या जिवाला स्वस्थता देण्यासाठी घेतला होता आणि ज्याचा विजेच्या इशाऱ्यासाठी शून्य उपयोग होता. घरी आल्यावर आईनं विचारलं, "स्टेशन लागतंय का नीट?" मी म्हणाले, "लागतंय." वाक्य खरं होतं. असल्या खऱ्या वाक्यांवरून मी कचेऱ्यांतल्या साहेबांना पत्रकातून सोलून काढलं आहे.

त्या रात्री आई पोटभर जेवली. ते बघवेना.

रविवारी आम्ही दोघी शेतात गेलो. एसटीतून उतरून पुढं चालायचं. आईच्या पिशवीत भाकरी, शेंगाची चटणी आणि दोन जादा सेल. बांधावरूनच मला खरखर ऐकू आली. सेट पूर्ण आवाजात चालू होता आणि त्यावर काहीही लागलेलं नव्हतं. आई मागं होती, तिला बाभळीचा काटा लागला म्हणून ती थांबली होती. मी पळत पुढं गेले. आप्पांनी सेट बाजेवर टाकलेल्या फळीवर ठेवला होता, म्हणजे सबंध फळी थरथरत राहावी, आणि ते जमिनीवर, त्या फळीच्या कडेला पाठ टेकून बसले होते. मी काही न बोलता काटा फिरवला, सेट इकडंतिकडं वळवला. कसंबसं कुठल्यातरी लांबच्या स्टेशनवरचं मराठी गाणं लागलं. आप्पा बघत राहिले. मी काय करतेय ते त्यांना कळलं.

आई आत आली, सेट बघितला, समाधान पावली. चूल पेटवून ती चहा ठेवायला बसली. चूल भिंतीकडं, त्यामुळं तिची पाठ आमच्याकडं.

"च्यात गूळ घालू का साकर?"

आप्पा बसलेले.

"अवं, इचारतीय न्हवं!"

मी आप्पांकडं पाहिलं. ते माझ्याकडंच बघत होते. त्या क्षणी मला गप्प बसता आलं असतं. पुढचं सगळं आपोआप झालं असतं आणि माझ्यावर काही आलं नसतं. माझे ओठ हलले. गूळ का साखर?

"गूळ घाल," आप्पा म्हणाले.

मी मान वळवली तर आई चुलीपासून अर्धी वळून माझ्याकडं बघत होती. आप्पांकडं नाही, माझ्याकडं. तिनं सगळं पाहिलं होतं. ती पुन्हा चुलीकडं वळली, गूळ फोडून टाकला आणि त्याच आवाजात म्हणाली, "ह्ये तुला कवा कळलं?"

उत्तराची वाट न बघता ती पुढं बोलू लागली.

"मला वाटायचं, सभेत बोलून बोलून माझ्यासाटी काय शिल्लक ऱ्हात न्हाय. आपल्या घरात बी चूल भिताडाकडं. मी इचारायची, ह्ये गप. मी म्हनायची, आसू दे, माझी काय किंमत." तिनं फुंकणी उचलली, परत ठेवली. "किती वर्सं मी राग धरला गं ह्या मानसावर."

आप्पा फळीला टेकून गाण्याच्या थरथरीत खूश होते. त्यांच्यापासून चार हातांवर त्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं.

"आता इचारायचं न्हाय काय," आई म्हणाली. "उद्या तुझ्या थोरल्या भावाला गाडी घिऊन बोलीव. दवाखान्यात जायचंय म्हनू आन सरळ घरी न्हिऊ. हितं आसा मानूस ठिवायचा? वीज पडली तरी कळायची न्हाय."

तिचं म्हणणं बरोबर होतं. मलाही तेच वाटत होतं. पण ज्याचं आयुष्य हलवायचं, त्याच्या पाठीमागं बसून, त्याला ऐकू येत नाही याचा फायदा घेऊन ते ठरवायचं, हे मला सहन होईना. मालक लोक असंच ठरवायचे. माग विकायचं आधी ठरलं होतं आणि कामगारांना शेवटच्या दिवशी कळलं होतं. त्यावर आप्पांनी जे पत्रक काढलं, त्याचा मजकूर मीच टाइप केला होता.

मी उठले आणि आप्पांच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसले. आईचं वाक्य न वाक्य त्यांना सांगितलं. चुलीचं, रागाचं, किमतीचं. मग गाडीचं आणि दवाखान्याचं. आवाजात सांगितलं, म्हणजे आईलाही ऐकू जावं.

"गप की गं!" आई मागून ओरडली. "कशाला सांगतीस?"

तेही मी सांगितलं.

आप्पांनी हात लांबवून सेट बंद केला. त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, आता माझ्यावर चिडतील, आणि त्यांना तो हक्क होता. ते आईच्या पाठीकडं बघत म्हणाले, "तोंड हिकडं कर. आन काय म्हनायचं त्ये मला म्हन."

आई लगेच वळली नाही. चहा उतू गेला, तिनं पातेलं उतरवलं, पदरानं तोंड पुसलं. मग पाटासकट वळली. पहिल्यांदा ती नेण्याबद्दल काही बोललीच नाही. "मला का न्हाय सांगितलं?" एवढंच म्हणाली. आप्पांना ते समजलं नाही, कारण रडताना तिचे ओठ वाकडे होत होते. तिला पुन्हा म्हणावं लागलं, तिसऱ्यांदाही म्हणावं लागलं.

भांडण दुपारभर चाललं. माझ्या आठवणीत त्या दोघांचं एवढं लांब बोलणं मी कधी पाहिलं नव्हतं. आप्पा येणार नाही म्हणाले. आई म्हणाली, मग मीबी जात न्हाय.

"तुला हितं जमायचं न्हाय."

"आन तुमाला लई जमतंय! वळीव सरूस्तवर हाय मी. मग बगू."

कानाच्या डॉक्टरकडं जायचं आप्पांनी कबूल केलं, पण गाडीतून फसवून नाही, स्वतःच्या पायानं. यात कोण जिंकलं ते मला सांगता येणार नाही. संध्याकाळच्या एसटीनं मी एकटीच परतले. बार्शीच्या बाजूला आभाळ काळं झालं होतं आणि परत फिरावं असं दोनदा मनात आलं.

मी बरोबर केलं का, हे मला अजून ठरवता येत नाही. आधी पत्र्याखाली एक म्हातारं माणूस होतं, आता दोन आहेत. आभाळ भरलं की मी आईला फोन लावते. चार्जिंगसाठी तिला तो शेजारच्या वस्तीवर ठेवावा लागतो, त्यामुळं बहुतेक वेळा तो तिच्याजवळ नसतोच. असला तर ती हॅलोसुद्धा म्हणत नाही. आधी म्हणते, "आत हाय. दोगं बी आत हाय."